एका इंजिनाची आगगाडी

माझा सहा वर्षांचा नातू दूरचित्रवाणीवर आगगाडीच्या इंजिनांच्या गोष्टी मोठ्या आवडीनें पाहत असतो. त्या गोष्टींतील इंजिनांना नाक, डोळे, तोंड असून तीं आपसांत भांडतात, रुसतात आणि संध्याकाळीं शहाणीं होऊन आपापल्या ठाणावर परततात. एके दिवशीं त्यानें मला विचारलें, “आजोबा, स्कार्लोई आणि रेनिअस हीं इंजिनें खरोखरचीं आहेत का हो?” पस्तीस वर्षें शिक्षकाच्या खुर्चीवर बसल्यामुळें ‘मला ठाऊक नाहीं’ हें वाक्य उच्चारण्याची जिभेला संवय राहिलेली नाहीं, परंतु त्या दिवशीं तें उच्चारावें लागलें. पुढें जिज्ञासेनें शोध घेतला, पुस्तकें मागविलीं, आणि त्या निमित्तानें वेल्सच्या डोंगरांतील एका चिमुकल्या आगगाडीचा जो इतिहास हातीं आला, तो इतका मनोवेधक निघाला कीं, नातवापुरता न ठेवतां वाचकांपुढेंहि मांडावा असें वाटलें.

इंग्लंडच्या पश्चिमेस वेल्स हा डोंगराळ प्रांत आहे. त्याच्या समुद्रकांठीं टाउइन नांवाचें एक लहान गांव असून तेथून सव्वासात मैल आंत डोंगरांत जाणारी ही टॅलिलिन रेल्वे. (या नांवांतील दुसऱ्या ‘ल’चा खरा उच्चार आपल्या वर्णमालेंत नाहीं. जीभ दंतमूलाशीं टेकवून बाजूनें फुंकर घालावी तसा तो होतो. पाणिनीच्या कानीं तो पडला असता तर त्यानें त्यालाहि एखादें सूत्र नेमून दिलें असतें. आपण साध्या ‘ल’वर भागवूं.) ज्या दगडाच्या पाटीवर आपण लहानपणीं श्रीगणेशा गिरविला, त्याच जातीचा दगड ब्रिन एग्लुइस येथील खाणींतून निघे. तिकडे घरांचीं छपरें त्यानेंच शाकारीत. तो दगड खालीं आणण्याकरितां १८६५ सालीं पार्लमेंटाच्या कायद्यानें ही रेल्वे निर्माण झाली व १८६६ सालीं तिच्यावर उतारूंची वाहतूकहि सुरू झाली. दोन रुळांमधील अंतर अवघें दोन फूट तीन इंच. हें माप सर्वत्र आढळणारें नव्हे. वाचकांनीं तें ध्यानांत ठेवावें; पुढें त्यामुळेंच सर्व गुंता झाला आणि त्यामुळेंच सुटलाहि.

या मार्गासाठीं व्हाइटहेवन येथील फ्लेचर जेनिंग्ज या कारखान्यांतून दोन इंजिनें आणविलीं. एक १८६४ सालचें ‘टॅलिलिन’, दुसरें १८६६ सालचें ‘डोलगॉख’. पुढील ऐंशी वर्षें खाणीचा सारा दगड आणि खोऱ्यांतील सारीं माणसें या दोन इंजिनांनींच ओढलीं. तिसरें कधीं आलें नाहीं.

आतां कोणी म्हणेल, इतक्याशा मार्गाला दोन इंजिनें पुष्कळ झालीं. परंतु वाफेचें इंजिन हें मोटारीप्रमाणें किल्ली फिरवितांच निघणारें यंत्र नव्हे. ज्यांच्या न्हाणीघरांत तांब्याचा बंब होता, त्यांना याचें मर्म चटकन समजेल. बंबाच्या पोटांत मधोमध जळणाची नळी असते व तिच्याभोंवतीं पाणी असतें. इंजिनाच्या बाष्पपात्रांत अशा एक नव्हे, कितीतरी नळ्या आडव्या बसविलेल्या असतात. भट्टींतील तप्त वायु त्यांतून जातो आणि भोंवतालच्या पाण्याची वाफ होते. बंबांत जसा आंतून पांढरा थर धरतो, तसाच तो येथेंहि धरतो. बंबांत धरला तर फार तर पाणी उशीरा तापतें. इंजिनांत धरला तर धातू बेसुमार तापते, नळ्या गळूं लागतात, आणि वाफेचा दाब किती भयंकर असतो हें सांगावयास नकोच. म्हणून ठराविक दिवसांनीं भट्टी विझवावी, सर्व निवूं द्यावें, पाणी सोडून आंतील गाळ धुवून काढावा लागतो. पुन्हां पेटवितांना घाई करतां येत नाहीं; थंड पत्रा एकदम तापविला तर सांधे उलतात. सकाळच्या गाडीसाठीं माणसानें पहांटेच भट्टीपाशीं बसलें पाहिजे. यासाठीं दोन इंजिनें. एकानें धांवावें, दुसऱ्यानें आंघोळ व औषधपाणी उरकावें. दोहोंपैकीं एक कायमचें अंथरुणाला खिळलें कीं मात्र सर्व व्यवस्था एकाएकीं कोलमडते.

नेमकें तसेंच झालें. १९११ सालीं सर हेन्री हेडन जोन्स या पार्लमेंटच्या सभासदांनीं खाण आणि रेल्वे विकत घेतली होती. खाणीला उतरती कळा लागलेली होतीच. १९४६ सालच्या डिसेंबरांत खाणींत भाग कोसळला आणि काम बंद पडलें. दगड संपला, तेव्हां आगगाडीचें प्रयोजनहि संपलें; परंतु आपण जिवंत आहों तोंवर गाडी चालवूं, असा शब्द सर हेडन यांनीं दिलेला होता. तो त्यांनीं पदरचे पैसे घालून अक्षरशः पाळला. पुढें ब्रिटनमधील आगगाड्या सरकारनें ताब्यांत घेतल्या, त्या वेळीं या बापडीचें नांव कायद्याच्या यादींत आलेंच नाहीं! सरकारनें उपेक्षिली म्हणून ती स्वतंत्र राहिली. १९५० च्या जुलै महिन्यांत सर हेडन वारले. ‘टॅलिलिन’ इंजिन महायुद्धाच्या अखेरीपासून निकामी होऊन पडलें होतें. चालतें असें एकटें ‘डोलगॉख’च होतें. रूळ बहुतेक मूळचेच, इतके झिजलेले व गवतांत गडप झालेले कीं, गाडी हिरवळीवरूनच चालली आहे असा पाहणाऱ्यास भास व्हावा.

एल. टी. सी. रोल्ट नांवाचे एक ग्रंथकार होते. त्यांनीं वर्तमानपत्रांतून या रेल्वेविषयीं लोकांस साद घातली, आणि ११ ऑक्टोबर १९५० रोजीं बर्मिंगहॅम शहरांतील एका हॉटेलांत सभा भरून एक संरक्षक संस्था स्थापन झाली. वर्गणीदारांनीं चालवावयाची, विनावेतन काम करणाऱ्यांनीं राबवावयाची आगगाडी! तोंपर्यंत जगांत असें कोठेंहि घडलें नव्हतें. पुष्कळ जाणत्या माणसांनीं हा पोरखेळ ठरविला असल्यास त्यांना दोष देतां येत नाहीं. १४ मे १९५१ रोजीं संस्थेची पहिली गाडी टाउइनहून निघाली. ओढावयास अर्थात् ‘डोलगॉख’. त्याचें वय त्या वेळीं पंच्याऐशीं.

त्या उन्हाळ्याची मला विशेष मौज वाटते आणि चिंताहि. ज्या घरांत मिळवता पुरुष एकच, आणि तोहि प्रकृतीनें खंगलेला, त्या घराची स्थिति आपण पाहिलेली असते. त्यानें विश्रांति घ्यावी, हें सर्वांना कळतें. पण तो घरीं बसला तर चूल कशी पेटावी? आणि तो कामावर जातच राहिला तर दुखणें बरें कसें व्हावें? औषधाला पैसा पाहिजे, पैशाला काम पाहिजे, आणि कामानें दुखणें वाढतें. तर्कशास्त्रांत यास अन्योन्याश्रय म्हणतात. ‘डोलगॉख’ धांवलें तर तिकिटें खपणार. तिकिटें खपलीं तर दुरुस्तीला द्रव्य मिळणार. आणि दुरुस्ती करावयाची तर ‘डोलगॉख’ उभें राहणार, म्हणजे तिकिटें बंद. शिवाय उतारूंचा विश्वास ही मोठी नाजूक वस्तु. मुलांबाळांना घेऊन लांबून आलेल्या कुटुंबास ‘आज इंजिन बिघडलें आहे’ असें दोनदां सांगावें लागलें कीं, तिसऱ्या वर्षीं तें कुटुंब दुसरीकडे जातें. खुद्द रोल्ट त्या वर्षीं व्यवस्थापक होते. रोज संध्याकाळीं गाडी सुखरूप परत आलेली पाहून त्यांना काय वाटत असेल, याची कल्पना कोणाहि गृहस्थास करतां येईल. म्हातारें इंजिन हंगाम पुरा करून राहिलें. त्या वर्षीं सुमारें पंधरा हजार उतारूंनीं प्रवास केला.

पण एका हंगामावर संसार होत नाहीं. दुसरें इंजिन हवें होतें, आणि येथेंच त्या दोन फूट तीन इंचांचा प्रश्न आडवा आला. प्रचलित मापाचीं लहान इंजिनें कोठें कोठें विकाऊ होतीं. या मापाचीं मिळणार कोठें? जवळच्याच खोऱ्यांत कॉरिस नांवाची रेल्वे होती व तिचें माप हेंच होतें. ती १९४८ सालीं बंद पडली, आणि तिचीं उरलेलीं दोन इंजिनें एका स्थानकाच्या आवारांत ताडपत्रीखालीं पडून होतीं. एक १८७८ सालचें, दुसरें १९२१ सालचें. सरकारी रेल्वेनें तीं प्रत्येकीं पंचवीस पौंडांना संस्थेस विकलीं. योगायोग असा कीं, त्यांचे कॉरिसचे क्रमांक होते ३ आणि ४. आणि टॅलिलिनकडे होते १ आणि २. पत्रिका जुळल्याप्रमाणें अंकहि जुळले! पुढें क्रमांक ३ चें नांव ‘सर हेडन’ आणि क्रमांक ४ चें जुन्या व्यवस्थापकाच्या नांवावरून ‘एडवर्ड थॉमस’ असें ठेविलें.

आतां इंजिनें आलीं म्हणजे संकट टळलें असें वाटावें. परंतु ‘सर हेडन’ रुळांवर चढविलें आणि तें वारंवार खालीं उतरूं लागलें. कारण शोधतां असें आढळलें कीं, मार्गाचें माप कागदोपत्रीं दोन फूट तीन इंच असलें तरी प्रत्यक्षांत रूळ सुमारें अर्धा इंच अधिक अंतरावर होते. जुन्या ‘टॅलिलिन’ इंजिनाच्या चाकांच्या जोड्या एकमेकींपासून लांब असल्यामुळें त्यास वळणावर सुखानें वळतां यावें म्हणून पूर्वींच्या लोकांनीं रूळ मुद्दाम सैल ठेविले होते. दोन्ही घरच्या इंजिनांच्या चाकांची बैठक रुंद होती, म्हणून ऐंशी वर्षें हें कोणास खुपलें नाहीं. कॉरिसहून आलेल्या पाहुण्याचीं चाकें अरुंद. रूळ जरा फांकले कीं तें मधल्या मधें बसे. तेव्हां इंजिनांचा तुटवडा म्हणजे केवळ इंजिनांचा तुटवडा नव्हे, हें संस्थेस फार लवकर कळलें. नवें इंजिन आणावयाचें तर त्याला साजेसा मार्ग पाहिजे, आणि मार्ग नीट करावयाचा तर मैलोगणती रूळ उखडून पुन्हां बसविले पाहिजेत. तीं माणसें सुटीच्या दिवशीं आपल्या कचेऱ्या, दुकानें, शाळा सोडून पावसांत गुडघाभर चिखलांत उभीं राहून हें काम करीत. त्यांत शिक्षकहि असत, हें वाचून मला किंचित् अभिमान वाटला, तो लपवीत नाहीं.

‘एडवर्ड थॉमस’चें दैव अधिक बलवत्तर. लीड्स येथील हन्स्लेट या इंजिनें बांधणाऱ्या कारखान्याचे अध्यक्ष स्वतः संस्थेचे सभासद होते. त्यांनीं तें आपल्या कारखान्यांत नेऊन विनामूल्य दुरुस्त करून दिलें आणि १९५२ सालीं तें कामावर रुजू झालें. पुढें १९५३ सालीं एका व्यापारी पेढीनें १९१८ सालचें एक इंजिन देणगी म्हणून दिलें. तें दोन फुटी मापाचें होतें, त्याचीं चाकें तीन इंचांनीं दूर करून घ्यावीं लागलीं. त्याचें नांव ‘डग्लस’.

आणि मग, मिळवतीं मुलें हाताशीं आलीं म्हणजे म्हाताऱ्यांस सुटी मिळते, त्या न्यायानें ‘डोलगॉख’ला १९५४ सालीं रजा मिळाली. ही रजा थोडीथोडकी नव्हे. तें दुरुस्त होऊन परतलें १९६३ सालीं. ‘टॅलिलिन’हि नव्यानें बांधून १९५८ सालीं परत आलें. नऊ वर्षें एखाद्या इंजिनाचे सुटे भाग कोठें ना कोठें जपून ठेवणें, त्याची आठवण ठेवणें, दरवर्षीं थोडे पैसे बाजूला टाकणें, हें एका मोठ्या देणगीपेक्षांहि अवघड आहे. उत्साह एका उन्हाळ्याचा असतो; नऊ वर्षें टिकते ती संवय.

आज टॅलिलिनकडे वाफेचीं सहा इंजिनें आहेत. सहावें तर त्यांनीं स्वतःच बांधलें. आयर्लंडमधील एका इंजिनाचे भाग घेऊन टाउइनच्या कर्मशाळेंत तें उभें केलें, १९९१ सालीं चालू केलें आणि त्यास ‘टॉम रोल्ट’ असें संस्थापकाचें नांव दिलें. (रोल्ट १९७४ सालींच वारले होते.) सहा हा आंकडा ऐकून चणचण संपली असें कोणी समजूं नये. ब्रिटनमध्यें आज असा परिपाठ आहे कीं, वाफेच्या इंजिनाचा बॉयलर सुमारें दर दहा वर्षांनीं चौकटीवरून उतरवून, नळ्या काढून, आंतून बाहेरून तपासावयाचा. हें काम महिन्यांचें नव्हे, पुष्कळदां वर्षांचें असतें. सहांतील एखादें तरी नेहमीं उघडलेलें असणार. दुसरें धुण्यापुसण्यासाठीं उभें. तिसऱ्याचा एखादा पट्टा भर हंगामांत तुटणार. शिवाय बाजारांत सुटे भाग मिळत नाहींत. ज्यानें इंजिन घडविलें तो कारखाना केव्हांच इतिहासजमा झाला. एखादा भाग मोडला तर त्याचें चित्र काढा, लांकडाचा सांचा करा, ओतवा, घांसा, बसवा. आणि हें जाणणारा कारागीर म्हातारा होण्यापूर्वीं त्याच्या हाताखालीं कोणी तरुण बसला पाहिजे. भांडीं घांसल्यावांचून स्वयंपाक येत नाहीं, तसें येथें इंजिन पुसल्यावांचून भट्टी हातीं येत नाहीं आणि भट्टी सांभाळल्यावांचून चालकाची जागा मिळत नाहीं. इंजिनांइतकाच माणसांचाहि तुटवडा असतो, इतकेंच कीं तो दुरून दिसत नाहीं.

डिझेलचीं इंजिनें त्यांच्याकडे आहेत. तीं अडचणींत धांवून येतात, रुळांच्या कामास उपयोगीं पडतात. परंतु जो उतारू धूर आणि वाफ पाहावयास आला त्यास डिझेल दाखविणें म्हणजे पुरणपोळीच्या पंक्तींत बसवून पोळीभाजी वाढण्यासारखें आहे. पोट भरतें, पण पुढच्या खेपेस निमंत्रण स्वीकारतांना माणूस विचार करतो. शेजाऱ्याकडून उसनें आणावें म्हटलें तर पुन्हां तें दोन फूट तीन इंच! त्या मापाचा शेजारी एकच, तो कॉरिस. आणि आनंदाची गोष्ट अशी कीं, तो शेजारी पुन्हां जिवंत झाला आहे. कॉरिसच्या मार्गाचा एक लहानसा भाग तेथील हौशी मंडळींनीं पुन्हां रूळ घालून उभा केला, २००२ सालीं उतारू नेण्यास प्रारंभ केला, आणि २००५ सालीं ‘एडवर्ड थॉमस’च्याच घडणीचें एक नवें इंजिन बांधून चालू केलें. पंचवीस पौंडांना गेलेलीं तीं दोन जुनीं इंजिनेंहि मधून मधून माहेरीं जाऊन येतात.

हें वाचीत असतां आपली नेरळ–माथेरानची गाडी डोळ्यांपुढें येणें स्वाभाविकच. ती १९०७ सालीं सुरू झाली ती चार जर्मन इंजिनांवर. तीव्र वळणांवर टिकाव लागावा म्हणून त्यांच्या कडेच्या चाकांस बाजूला सरकण्याची सोय होती. लहानपणीं त्यांपैकीं एकाच्या मागें बसून मी माथेरानला गेलों आहें. वळणावळणावर खिडकींतून इंजिन दिसे आणि डोळ्यांत कोळशाचा कण जाई. १९८० नंतरच्या पहिल्या कांहीं वर्षांत वाफेचीं तीं इंजिनें गेलीं व डिझेल आलें. मे २०१६ मध्यें लागोपाठ दोन वेळां डबे घसरल्यावर वाहतूक थांबली. ती सांवरते न सांवरते तों २०१९ च्या पावसानें मार्ग वाहून गेला, आणि नेरळपासून माथेरानपर्यंत पुरी गाडी पुन्हां सुरू झाली ती ऑक्टोबर २०२२ मध्यें. तेथें दुखणें इंजिनांच्या संख्येपुरतें नव्हतें. घांट, पाऊस आणि रूळ हेहि भागीदार होते. निलगिरीच्या दांतेरी रुळांवरील गाडीचा मार्ग याहून निराळा. जुनीं स्विस इंजिनें थकलीं तेव्हां तिरुचिरापल्लीच्या गोल्डन रॉक कर्मशाळेंत २०११ पासून त्याच घडणीचीं नवीं वाफेचीं इंजिनें बांधण्यांत आलीं. म्हणजे आपल्याकडे हात नाहींत असें नव्हे. मात्र टॅलिलिनप्रमाणें, रविवारीं डबा बांधून घेऊन रूळ ठोकावयास जाणारे कारकून आणि मास्तर आपल्याकडे निघतील काय, याचा मीं पुष्कळ विचार केला. माझे गुडघे आतां त्या कामाचे राहिले नाहींत, म्हणून अधिक बोलण्याचा मला अधिकार नाहीं.

राहिला नातवाचा प्रश्न. रेव्हरंड ऑड्री नांवाचे एक इंग्रज धर्मोपदेशक होते. १९५२ सालीं ते टॅलिलिनवर गार्डाचें काम करावयास हौसेनें गेले. एकदां त्यांनीं घाईनें हिरवें निशाण दाखविलें आणि उपाहाराची व्यवस्था पाहणारी बाई स्थानकावरच राहून गेली! तो प्रसंगहि पुढें त्यांच्या गोष्टींत आला. १९५५ सालीं त्यांनीं या चार इंजिनांचें पुस्तक लिहिलें. त्यांत ‘टॅलिलिन’ झालें स्कार्लोई आणि ‘डोलगॉख’ झालें रेनिअस.

हें सर्व मीं नातवास सांगितलें. दीडशें वर्षांहून जुनीं तीं दोन्ही इंजिनें अद्याप आहेत, आणि २०२१ सालीं तो सारा दगडखाणींचा मुलूख या रेल्वेसह जागतिक वारशांत गणला गेला, हेंहि सांगितलें. त्यानें क्षणभर विचार केला आणि विचारलें, “पण आजोबा, बॉयलर नवा, चाकें नवीं, नळ्या नव्या, मग रेनिअस तेंच कसें?” मी जीर्णोद्धार या शब्दाचा अर्थ सांगूं लागलों. आमच्या ग्रामदेवतेचें देऊळ पेशवाईंतील म्हणतात. त्याचें शिखर माझ्या डोळ्यांदेखत नवें बांधलें, गाभाऱ्याची फरशी माझ्या वडिलांच्या वेळीं बदलली. देऊळ तेंच आहे ना? नातू म्हणाला, “हो, पण देऊळ चालत नाहीं.” मला उत्तर सुचलें नाहीं. तो आपल्या लांकडी गाडीकडे वळला. तिचें एक चाक गेले आठ दिवस निखळलेलें आहे आणि तें बसवून द्यावयाचें मीं कबूल केलें आहे.